नाताळाचा सुंठवडा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळ गाठू लागतात, चकलीच्या डब्यात तुकडे आणि चिवड्याच्या डब्यात नुसता मसाला उरतो, तुळशीचे लग्न उरकून मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उंबरठ्याशी येऊन ठेपतो, त्या सुमारास बदलापूर पूर्वेकडील एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून सुंठ कुटण्याचा जो आवाज सुरू होतो, तो डिसेंबरच्या चोवीस तारखेपर्यंत थांबत नाही. जिन्याने जाणाऱ्या परक्या माणसाला वाटावे की या घरी लेक बाळंतपणाला आली असून तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांची सिद्धता चालली आहे. वस्तुतः त्या घरातील लेक अजून दहावीत आहे, आणि ही सुंठ जाणार असते ती जिंजरब्रेडच्या बिस्किटांत. माणसाच्या आकाराच्या, पांढऱ्या साखरेने डोळे, तोंड आणि गुंड्या काढलेल्या, परदेशी चित्रपटांतून आपल्या मुलांच्या परिचयाच्या झालेल्या त्या तपकिरी बाहुल्यांत.

२०२३ च्या डिसेंबरात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लागोपाठच्या तीन गावांतून मी जी पायपीट केली, ती या बाहुल्यांच्या मागावर. पहाटेच्या लोकलवर जेथे घरातली घड्याळे लावली जातात, त्या मुलखात जर्मन बाजारपेठांतला हा जिन्नस रुजला कसा, हे पाहावे एवढाच प्रारंभी हेतू होता. पाहता पाहता ध्यानात आले की प्रश्नच उफराटा होता. माहेरी आलेल्या लेकीला ‘तू इकडे कशी?’ असे कोणी विचारीत नाही.

आल्याला संस्कृतात शृंगवेर म्हणतात. शिंगासारखे फाटे फुटलेली ज्याची काया ते शृंगवेर, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. भाषाशास्त्रज्ञ मात्र मूळ शब्द द्राविडी असून संस्कृताने तो आपल्या कानाला रुचेल असा घडवून घेतला असे मानतात, आणि तमिळातील ‘इंजी’ ऐकली की त्यांचे म्हणणे पटू लागते. शब्द कोणाचाही असो, माल मलबारचा होता. मसाल्याच्या गलबतांबरोबर तो पालीत सिंगिवेर, ग्रीकांत झिंगिबेरिस, अरबांत जंजबील असे वेष पालटीत पश्चिमेकडे गेला आणि इंग्रजांच्या देशी जिंजर होऊन स्थायिक झाला. स्वर्गवासीयांच्या पेयाला जंजबीलाची चव असल्याचा उल्लेख कुराणातही आहे. ‘जिंजरब्रेड’ या शब्दातील ‘ब्रेड’ तर निव्वळ कानाची फसगत. जुन्या फ्रेंचमध्ये मुरवलेल्या आल्याला जे नाव होते, त्याची शेपटी इंग्रजी कानाला ‘ब्रेड’सारखी ऐकू आली आणि आल्याचा मुरंबा बघता बघता पाव होऊन बसला.

जर्मनीतील नुरेंबर्ग शहराभोवतीच्या राखीव अरण्यात मध विपुल, आणि शहर व्यापारी मार्गांच्या नाक्यावर वसलेले असल्यामुळे सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ हे जिन्नस तेथील वखारींत सुलभ. या दोहोंच्या संयोगाने तेथे जी मधाची मसालेदार भाकरी सिद्ध झाली, तिच्या कारागिरांना १६४३ साली आपली स्वतंत्र श्रेणी मिळाली. उत्तर युरोपात असली बिस्किटे हलकी करण्यासाठी हरणाच्या शिंगांपासून काढलेला अमोनियाचा क्षार घालीत, म्हणजे शृंगवेराला शृंगाचीच जोड! आज तो क्षार रासायनिक कारखान्यात तयार होतो, आणि आपल्या बेकऱ्यांतूनही ‘अमोनिया’ या सुटसुटीत नावाने बिस्किटांच्या पिठात पडतो. भट्टी उघडताच नाकाला झोंबणारा त्याचा दर्प बिस्कीट पुरते भाजले की नाहीसा होतो. जाड पावात मात्र तो कोंडून राहतो, म्हणून तो पातळ बिस्किटांपुरताच वापरायचा.

परंतु या सर्व इतिहासापेक्षा मला गुंतवून ठेवले ते आपल्याच एका शब्दाने. नाताळ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे केवळ ‘जन्माचा’. आता आठवावे की रामनवमीला भर माध्यान्ही पाळण्याची दोरी ओढली गेली की, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णजन्म झाला की, हनुमानजयंतीला सूर्योदयी आणि दत्तजयंतीला सायंकाळी, देवळात आपल्या हातावर काय पडते? सुंठवडा. सुंठ, सुके खोबरे, खारीक, खसखस, पिठीसाखर. देव जन्मला खरा, पण त्याच्या आईच्या बाळंतपणाचे काय, ही काळजी करणारी आपली भक्ती आहे. कौसल्या, देवकी, अंजनी, अनसूया या चौघींच्याही बाळंतपणाचा औषधी खुराक आपण प्रसाद म्हणून खातो. युरोपातील नाताळात सुंठ शिरली ती थंडीमुळे आणि महागड्या मसाल्याच्या दिमाखामुळे, मरियमेच्या प्रकृतीच्या विचाराने नव्हे, हे मला ठाऊक आहे. तथापि जगाच्या दोन टोकांना देवाच्या जन्मदिवशी जिभेवर एकच तिखट-गोड चव यावी, हा योगायोग नजरेआड करण्याइतका मी रुक्ष नाही.

अंबरनाथचे नाव काढताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येते ते वालधुनीकाठचे, शके ९८२ चा शिलालेख बाळगणारे शिलाहारांचे शिवालय, ज्याच्या गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून भुईखाली जावे लागते. मला मात्र तेथे विम्को नाक्यावर उतरायचे होते. स्वीडनच्या आगपेटी उद्योगसमूहाने १९२३ साली स्थापलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना या गावी होता आणि तिच्याच आद्याक्षरांचे विम्को हे नाव नाक्याला चिकटून राहिले. आगपेटीच्या काडीचा आणि बिस्किटाचा संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध असा की स्वीडनमध्ये नाताळाचे पान सुंठेच्या पातळ, कुरकुरीत बिस्किटांवाचून हालत नाही. पेपरकाकोर, म्हणजे मिऱ्याच्या वड्या, असे त्यांचे नाव. १३ डिसेंबरला संत लुसियेचा उत्सव होतो, त्या दिवशीही त्या हव्यातच. तेथील एक रीत मोठी गमतीची आहे: बिस्कीट तळहातावर ठेवावे, मनात इच्छा धरावी आणि बोटाच्या पेराने मध्यभागी टिचकी मारावी, बरोबर तीन तुकडे झाले तर इच्छा फळते. कारखान्याच्या परदेशी साहेबांच्या बंगल्यांतून, कोळशाच्या शेगडीवर पत्र्याचा ओव्हन ठेवून, कोण्या खानसाम्याने त्या काळी ही मिऱ्याची वडी भाजली असेल, अशी कल्पना करण्याचा मोह मला त्या नाक्यावर उभे असताना आवरला नाही.

अंबरनाथला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला आणि त्याच्या नोकरीनिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे आली. त्यांत मंगळूर, गोवा आणि केरळची ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यांपैकी एका निवृत्त कामगाराच्या घरी मी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी नव्या, न वापरलेल्या कंगव्याच्या दातांवर पिठाच्या गोळ्या दाबून गुंडाळीत होत्या. ही कलकलं. आपल्या शंकरपाळ्यांची चुलत बहीण, फक्त अंगावर कंगव्याचे चरे. गोव्यात यांनाच किडयो म्हणतात. शेजारच्या परातीत नेवऱ्या होत्या, ज्यांना आपण करंज्या म्हणतो, आणि चुलीवर नारळाचे दूध व गूळ आटवून होणारा दोदोल रटरटत होता. नाताळाच्या या सगळ्या फराळाला मंगळूरकर कुस्वार म्हणतात. मी जिंजरब्रेडचा विषय काढताच बाई हसल्या. ‘ते आमचं नव्हे हो. ते टीव्हीवरचं. नातवाला शाळेत शिकवलं, म्हणून तो मागतो. आमच्या घरी नाताळ म्हणजे तळण.’

हे उत्तर मी मुद्दाम जसेच्या तसे उतरवले आहे, कारण जिंजरब्रेडला येथील ख्रिस्ती समाजाची पुरातन परंपरा म्हणून सजवून मांडणे हा खोटेपणा होईल. तो आला शाळांच्या वार्षिक समारंभांतून, मॉलच्या काचांमागून, नातलगांनी पाठवलेल्या डब्यांतून, आणि आता त्याचे मुख्य कारागीर तसेच मुख्य गिऱ्हाईकही पुष्कळ अंशी बिगरख्रिस्ती आहेत. मला त्यात खंत वाटण्याजोगे काही दिसत नाही. बटाटा आणि मिरची कोठून आली हे विचारीत बसलो असतो, तर वडापाव जन्माला आला नसता.

उल्हासनगरला हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी तळाच्या ओस बराकींत फाळणीनंतर सिंधमधून परागंदा झालेले लोक आणून वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीचे नामकरण केले. तरी पत्ता सांगताना अद्यापि तोंडात येतो तो कॅम्प नंबरच. सरकारी रेशनच्या रांगेत उभे राहण्याऐवजी घरोघर पापड लाटून, गोळ्या-बिस्किटे करून ती आगगाडीच्या डब्यांतून विकणाऱ्या त्या पहिल्या पिढीचा खाक्या गावाच्या अंगात मुरला आहे. येथे पावाला डबल म्हणतात, कारण तो डबलरोटी. आणि सकाळच्या प्रहरी हातगाड्यांभोवती छोला-डबलसाठी जी झुंबड उडते, ती पाहिली की भुकेलाही जन्मभूमी असते याची खात्री पटते.

कॅम्प चारमधील एका भट्टीवाल्याकडे मी दुपारी पोहोचलो, ती वेळ नेमकी होती. लाकडाच्या भट्टीत रात्री कडक तापावर पाव होतात, मग ताप उतरू लागतो आणि त्या उतरत्या तापाच्या पायऱ्यांवर क्रमाने नानकटाई, खारी आणि टोस्ट बसवले जातात; जिंजरब्रेडच्या वाट्याला येते ती यांतील मधली पायरी. म्हातारा कारागीर चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर भिरकावी, तो किती वेळात तांबूस होतो ते पाही आणि मान डोलावी. तापमापक? तो त्याच्या डोळ्यांत होता. ‘साईं, हा हंगामी माल,’ मालक म्हणाले. ‘राखीला वेगळा, ईदला वेगळा, नाताळला माणूस.’ त्यांच्याकडे या बिस्किटाचे नावच ‘माणूस’ होते. ‘दोन किलो माणूस बांध रे,’ अशी ऑर्डर गल्ल्यावरून आत जाताना मी स्वतः ऐकली. साचा गल्लीतल्याच पत्रेवाल्याकडून करून घेतलेला, आणि त्या कारागिराने परदेशी बाहुली कधी पाहिली नसावी, कारण साच्यातला माणूस पाय फाकून, बाहू पसरून, कबड्डीत चढाईवाल्याला अडवणाऱ्या गड्यासारखा उभा होता. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही या गावाची जुनी थट्टा मला तेथे आठवली. थट्टा सोडून द्या, पण तो गडी नुरेंबर्गच्या कोणत्याही बाहुलीपेक्षा जिवंत होता, हे माझे प्रामाणिक मत आहे.

भट्टीच्या मालाला घाई असते. त्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, एवढेच. सजावटीची खरी कला पाहायची तर बदलापूरच्या तिसऱ्या मजल्यावर परत यावे लागते.

त्या घरच्या गृहिणी पूर्वी दिवाळीत करंज्यांच्या ऑर्डरी घेत. ओव्हन घेतल्यावर केक आले, केकमागून ही बिस्किटे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये घरगुती उदीमालाही नोंदणी लागते, तिचा दाखला त्यांनी देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लावला आहे. पाव किलो गूळ की अर्धा, लोणी केव्हा, हे त्यांच्या पाकिटावर लिहिलेले नसते. पण कणकेबाबतचे त्यांचे दोन नियम कडक आहेत. पहिला, मळलेला गोळा रात्रभर फ्रिजमध्ये विसावला पाहिजे, म्हणजे लोणी घट्ट होते, मैद्याची ओढ शमते आणि सुंठ-लवंगेचा वास अंगभर भिनतो. दुसरा, सोडा हात आखडून. केक फुगावा म्हणून आपण सोडा घालतो. येथे माणसाची बोटे, मान आणि कंबर जागच्या जागी राहायला हवी असते. पाव इंचाहून किंचित कमी जाडीची पोळी लाटायची, माणसे कापायची, ट्रेसकट पुन्हा गार करायची आणि १७० ते १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे भाजायची. बाहेर काढताना बिस्कीट मऊच लागते, आणि नवशिक्या येथेच फसतो. अजून दोन मिनिटे म्हणून तो आत ढकलतो आणि गार झाल्यावर दात हलवणारी फरशी हाती येते.

मी फसलो ते त्याच्याही आधी. परदेशी कृतीत काळी, दाट मळी घालतात. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी दारूभट्ट्यांकडे जाणारी, म्हणून १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येणारी आणि परवान्यावाचून ने-आण न करता येणारी वस्तू आहे, तेव्हा सोयीची म्हणून मी घरी कोल्हापुरी काकवी घातली आणि सोडा सढळ हाताने. अर्ध्या घटकेने ओव्हन उघडला तो बारा माणसांचा एकच सपाट समुदाय झालेला, हातात हात, पायात पाय, कोणाचे डोके कोणाच्या पोटात. ही हकीकत ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. ‘अहो काका, काकवी आटवली होती का? एकतारी होईस्तोवर आटवायची. ती पातळच असते मुळात.’ पाकाची तार ओळखणाऱ्या हाताला परदेशी कृती कशी सोपी जाते, ते मला तेव्हा उमगले.

बिस्किटे पुरती गार झाली की आयसिंग. बटर पेपरचा कोन वळून, त्याचे टोक कात्रीने टिचभरही नव्हे, केसभर कापायचे. हात मेंदीवर बसलेला असला की निम्मी विद्या आलीच. प्रथम घट्ट आयसिंगने कडेची रेघ, म्हणजे बांध, आणि मग त्या बांधाच्या आत पातळ आयसिंगचे पाणी सोडायचे. पातळ किती, याची कसोटी अशी की वाटीतल्या आयसिंगवर सुरीने ओढलेली रेघ दहा आकडे मोजेपर्यंत मिटली पाहिजे. लवकर मिटली तर बांध फुटतो, उशिरा मिटली तर भेगा राहतात. भाताच्या खाचरात पाणी धरणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला हे शास्त्र नवे वाटणार नाही. सुकायला रात्र जाते, आणि येथे बदलापूरची हवा मदतीला येते: डिसेंबरात पहाटेचा पारा मुंबईपेक्षा चार-पाच अंश खाली आणि हवा कोरडी. मुंबईच्या दमट वाऱ्यात हीच रेघ दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटते.

खरे आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याचे. परंतु अंड्याचा अंश असलेल्या जिनसावर तपकिरी त्रिकोण आणि निव्वळ शाकाहारी जिनसावर हिरवा ठिपका छापण्याचा दंडक आहे, आणि या बाईंची निम्मी गिऱ्हाइके हिरव्या ठिपक्यावाचून डबा हातात धरीत नाहीत. त्यावर तोड निघाली ती छोल्यांच्या उकळलेल्या पाण्यात. ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते, हा शोध २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाने लावला. ज्या उल्हासनगरात रोज पहाटे पातेलीच्या पातेली छोले शिजतात, तेथून एका लोकलच्या अंतरावर ही युक्ती फ्रान्सहून यावी लागली, याची त्या भट्टीवाल्याला मी गंमत सांगणार आहे.

त्यांच्या मेजावर त्या दिवशी नेहमीचे गुंडीवाले माणूस होतेच. त्यांच्या रांगेत नऊवारी नेसलेल्या, नाकात साखरेच्या तीन ठिपक्यांची नथ घातलेल्या दोन बायकाही होत्या, ठाण्याच्या कोणा सूनबाईंनी सासूसाठी सांगितलेल्या. कोपऱ्यात सहा भिंती-छपरांचे घर सांधून उभे होते. खिडकीच्या भोकात संत्र्याच्या कडक गोळीचा चुरा भरून भिंत भाजायची, म्हणजे चुरा वितळून नारिंगी काच बसते. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत चेटकिणीचे घर पावाचे आणि केकच्या छपराचे आहे, त्यात सुंठेचा उल्लेख नाही. पण खिडक्या साखरेच्या आहेत, आणि त्या येथे, बदलापुरात, ट्यूबलाइटच्या उजेडात लकाकत होत्या.

हे सर्व मग लोकलने जायचे. जिंजरब्रेडच्या माणसाचा मर्मबिंदू त्याची मान. बाईंचे यजमान बटर पेपरच्या थरांत माणसे उताणी निजवून स्टीलचा डबा छातीशी धरतात आणि कल्याणला माणसांचा लोंढा आत घुसला की डबा डोक्यावर. चोवीस डिसेंबरला रविवार होता, मेगाब्लॉकची धास्ती. तरी संध्याकाळपर्यंत ते मुलुंड आणि ठाणे उरकून परतले. एकूण तुटलेल्या माना चार. बाई त्याला अत्यल्प म्हणाल्या.

त्या वर्षी दत्तजयंती सव्वीस तारखेला, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आली होती. बाईंच्या सासूबाईंनी सकाळपासून दोनदा बजावले होते, ‘सगळी सुंठ बिस्किटांना घालू नकोस गं, परवाला वाटीभर लागेल,’ आणि आता त्या खलबत्ता पुढ्यात ओढून, खारका फोडीत बसल्या होत्या. मी त्यांना स्वीडनची ती रीत सांगितली. त्यांनी मान तुटलेला एक माणूस बाजूला सारून साधे गोल बिस्कीट निवडले, पदराला हात पुसले, बिस्कीट तळहातावर ठेवले, क्षणभर डोळे मिटले आणि टिचकी मारली. तुकडे मोजले. चार झाले.

‘तीन व्हायला हवेत ना?’ त्यांनी विचारले, आणि त्यांतला सर्वांत लहान तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. ‘हा तुम्ही खा.’